टोप द्या, डीप फ्रीझर नको

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. गुहागरला आमची खानावळ आणि वर पाच खोल्यांचं लॉजिंग होतं. वडील गेले, मी नोकरीनिमित्त चिपळूणला असतो, म्हणून गणपतीनंतर धंदा कायमचा बंद केला. सामान तसंच आहे. मोठे टोप, पराती, शंभरेक स्टीलची ताटं, लाकडी बाकडी, दोन डीप फ्रीझर, दहा गाद्या, इन्व्हर्टर, बिलाचा कॉम्प्युटर. भंगारात घालायला मन होत नाही. गावातल्या शाळेला किंवा एखाद्या संस्थेला सगळं देऊन टाकावं, असं आई म्हणते. कसं द्यावं? करात काही सवलत मिळते का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या म्हणण्यातला ‘सगळं’ हा एकच शब्द मला खोडावासा वाटतो. का, ते सांगते.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. शेवटची शाळा संगमेश्वर तालुक्यातली, दोन खोल्यांची, पट सतरा. एका कंपनीने आम्हाला अकरा जुने कॉम्प्युटर पाठवले. टेम्पो आला, नारळ फुटला, फोटो निघाले. अकरातले चार सुरू झाले आणि एक पावसाळा गेल्यावर एकच उरला. बाकीचे टाकताही येईनात. वस्तू एकदा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढली की मोडकी झाली तरी मुख्याध्यापकाला ती मनाने भंगारात देता येत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव करायचा, वरून मंजुरी यायची, मग ती हलते. तोवर ते सगळे डबे दुसऱ्या खोलीत, आणि पहिली-दुसरीची मुलं पडवीत. झड आत आली की पोरं दप्तरं छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी राहायची. ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून आधी शाळेत रिकाम्या हाताने जा. मुख्याध्यापकांना विचारा, काय कमी आहे? आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना तर नक्की विचारा, कारण खरी गरज त्यांना ठाऊक असते. आमच्याकडे भात एका टोपात आणि आमटी शेजारच्या घरून मागून आणलेल्या टोपात व्हायची. त्या घरात कार्य निघालं की आमची पंचाईत! तुमचे टोप, पराती, झारे, ताटं हे सोन्यासारखं सामान आहे. फक्त देण्याआधी प्रत्येक टोप उजेडात धरून पाहा. कान हलतात का, रिबिटीपाशी चीर आहे का, बूड फुगलंय का. गरम आमटीचा टोप दोघींनी उचलला आणि कान निसटला तर काय होईल, तुम्हीच विचार करा. पितळी टोप असतील तर आतली कल्हई बघा. कल्हई उडालेल्या पितळेत कोकमाची किंवा चिंचेची आमटी कळकते आणि मुलांना मळमळ-उलट्या होतात. कल्हईवाला मिळाला तर कल्हई करून द्या, नाहीतर पितळ घरी ठेवून स्टीलचेच द्या. लाकडी बाकडीही शाळेला चालतील. वाळवी आहे का ते तळातून ठोकून बघा, वर आलेले खिळे ठोकून घ्या.

डीप फ्रीझर शाळेला देऊ नका. शाळेचं अनुदान तुटपुंजं, त्यातूनच वीजबिल जातं. ते दोन्ही विका. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी विक्रेता परत घेतो, पैसेही देतो. ती शाळेत नको, आत शिसं आणि आम्ल असतं.

गाद्यांचं म्हणाल तर हाताने दाबून नाकाशी न्या. पावसाळ्यात बंद खोलीत पडलेल्या गादीला आपल्याकडे कुबट वास धरतोच. कापसाच्या असतील तर पिंजून, नवी खोळ घालून द्या. फोमच्या असतील आणि वास येत असेल तर कुणालाच देऊ नका. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर मी चिपळूणला गेले होते, तेव्हा मदत म्हणून आलेले फाटके कपडे चिखलात पडलेले पाहिले. ज्यांचं घर वाहून गेलं त्यांनाच ते उचलावे लागत होते.

कॉम्प्युटर सुरू होत असेल, शाळेने मागितला असेल, तरच द्या. पण लॉजिंगचा कॉम्प्युटर आहे, त्यात पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती असणार. नुसतं डिलीट करून त्या जात नाहीत. जाणकाराकडून डिस्क पूर्ण पुसून घ्या, नाहीतर काढूनच ठेवा. बंद पडलेली यंत्रं नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच जायला हवीत.

आता कराचं. वस्तू दिल्या तर आयकरात देणगीसाठीची, 80जी म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळत नाही, ती पैशांच्या देणगीवर मिळते. तीही जुन्या करप्रणालीत, 80जीची नोंदणी असलेल्या संस्थेला दिली तर, आणि रोख 2000 रुपयांच्या वर असेल तर नाही. म्हणून फ्रीझर विकून येईल ती रक्कम अशा संस्थेला चेकने द्या. जीएसटी क्रमांक असेल आणि एखाद्या वस्तूवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट घेतली असेल, तर ती फुकट देताना कर भरावा लागू शकतो. तुमच्या सीएंना यादी दाखवा.

संस्था निवडताना धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पाहा. देवरुखचं मातृमंदिर इंदिराबाई हळबे यांनी 1954 साली सुरू केलं, तिथे फोन करून विचारता येईल. मात्र गुहागरहून देवरुखपर्यंत टेम्पोचं भाडं आधी काढा. दोन पराती पोचवायला चार परातींचे पैसे जायला नकोत.

देताना साध्या कागदावर यादी करा. वस्तू, नग, अवस्था, सोबत ‘विनामूल्य’ असा शब्द. दोन प्रती काढा, एकीवर शिक्क्याची पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला की मगच सामान हलवा. मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका, एवढी माझी विनंती.

पाऊस आता ओसरतोय. दिवाळीच्या सुट्टीआधी टोप पोचले तर सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी चुलीवर चढतील. आईंना घेऊन जा त्या दिवशी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा.