कॅलिपर आधी घेतला, आता डिस्क कोणती?

प्रश्न : माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या ब्रेकची डिस्क २५६ मिमी व्यासाची आणि २२ मिमी जाड आहे. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ५४ मिमीच्या एका पिस्टनचा, चाकं १५ इंची. संभाजीनगरहून येताना कन्नड घाट उतरला की पेडल मऊ पडून खाली जातं. म्हणून जुन्या बाजारातून चार पिस्टनचे कॅलिपर आणले. पिस्टन ४२ मिमीचे, ३०० बाय २८ च्या डिस्कसाठी बनलेले. लेथवाला म्हणतो, पट्टी करून आहे त्याच डिस्कवर बसवून देतो. चालेल का भाऊ?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही. पट्टी कॅलिपरला जागेवर धरेल, डिस्कची जाडी वाढवणार नाही.

२८ च्या फटीत २२ ची डिस्क म्हणजे दोन्ही अंगांना ३-३ मिमी पोकळ. पॅड कोरे असतानाच पिस्टन ३ मिमी जादा बाहेर. पुढे पॅड ८ मिमी आणि डिस्क एका अंगाने १ मिमी झिजली की पिस्टन १२ मिमी बाहेर आलेला असतो. योग्य डिस्कवर तो ९ वरच असता. एवढा बाहेर लोंबलेला पिस्टन तिरका होतो, सील खातो आणि शेवटी सीलच्या बाहेर येऊन ऑइल सांडतो. बसवल्या दिवशी ट्रायलला मात्र सगळं झकास वाटतं, फसगत होते ती इथेच.

व्यासाचंही तेच. ३०० च्या पॅडची गोलाई २५६ च्या डिस्कवर जुळत नाही. पॅडची कड डिस्कबाहेर राहते, तिथे झीज न होता काठ तयार होतो. बरं, ३०० ची डिस्कच आणावी, तर ती या कॅलिपरसकट १५ इंची चाकात मावत नाही. १६ किंवा १७ इंची चाकं घ्यावी लागतील.

आता पिस्टन. चार आहेत म्हणून चौघांचं क्षेत्रफळ मोजू नका, एकाच बाजूचे दोन धरा. तुमचा जुना : ५४ चा वर्ग २९१६. नवा : ४२ चा वर्ग १७६४, दुप्पट ३५२८. म्हणजे २१ टक्के जास्त. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) तोच ठेवला तर पेडल जास्त खाली जाणार आणि पुढची चाकं मागच्यांच्या मानाने लवकर लॉक होणार. ३८ मिमीच्या जोडीचा हिशेब २८८८ येतो, तो तुमच्या गाडीला बसतो.

मुळात तुमचं दुखणं कॅलिपरचं वाटत नाही. पेडल मऊ पडलं तर ब्रेक ऑइल उकळलं समजा. पेडल कडक राहूनही गाडी थांबेना, तर पॅड तापलेत. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. आधी ऑइल बदला, चारही चाकं ब्लीड करा (ऑइलमधली हवा काढा), पुढे दर दोन वर्षांनी हेच. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबा, वेग कमी करा, सोडा. सतत पाय टेकवून ठेवू नका. निम्म्या लोकांचं काम एवढ्यावरच भागतं.

तरी बदलायचंच असेल तर आधी चाक बघा, मग डिस्क, कॅलिपर शेवटी. १५ इंचात साधारण २८० ची डिस्क बसते. कॅलिपर त्याच व्यासाचा आणि जाडीचा घ्या. पुठ्ठ्याचा साचा कापून चाकात फिरवून पाहा. स्पोकपासून किमान ३ मिमी मोकळे हवेत, आणि आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं विसरू नका. दुकानात जाताना व्यास, जाडी, मधलं भोक, बोल्टच्या भोकांची मापं आणि डिस्कची उंची (आडवी ठेवून तळापासून मधल्या टोपीच्या माथ्यापर्यंत) लिहून न्या. उंची बहुतेकांची राहून जाते. ती चुकली की डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही. सरकत्या (तुमच्या जुन्यासारख्या, एकाच बाजूला पिस्टन असलेल्या) कॅलिपरला थोडंफार चालतं, दोन्हीकडे पिस्टन असलेल्याला नाही. तिथे अर्ध्या मिमीच्या आत मध्य साधा, शिम (पातळ चकत्या) लावून. ब्लीडिंगची निपल वरच्या टोकाला हवी. खाली आली तर डावा-उजवा कॅलिपर उलटा लागलाय, हवा निघणारच नाही.

प्रश्न : नव्या डिस्क टाकून हजारेक किलोमीटर झाले. ८० च्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकडी निघाली का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : नवी डिस्क सहसा वाकडी नसते, हबवरचा (डिस्क जिथे टेकते त्या मधल्या भागावरचा) गंज तिला तिरकी बसवतो. डिस्क काढा, हबचा चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत करा, परत बसवून सगळे नट आवळा आणि बाहेरच्या कडेच्या जरा आत डायल गेज (डोलणं मोजणारं मापयंत्र) लावून डिस्क फिरवा. ०.०५ मिमीच्या आत फरक हवा. जास्त आला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजा. पण हजार किलोमीटर तिरकी फिरल्यावर तिची जाडीही कमीजास्त झालेली असू शकते, म्हणून मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा. ०.०२ च्या वर फरक असेल तर लेथवर हलका हात मारून घ्या. कडेवर कोरलेल्या किमान जाडीखाली मात्र जाऊ देऊ नका. चाकाचे नट समोरासमोरचे क्रमाने, टॉर्क पान्यानेच आवळा. पंक्चरवाल्याच्या गनने आवळलेलं चाक पुन्हा तीच थरथर आणतं.