पानिपत वाचलंस, छान! पण रडलीस नेमकी कुठे?

अगं पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला आला, मी जागाच होतो पण मोबाईलवर एका बोटाने टाइप करून याचं उत्तर होणार नाही हे लगेच कळलं, म्हणून आज सकाळी चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलोय. लांबलं तर सांभाळून घे.

नोकरी आणि लोकल सांभाळून पाच महिन्यांत पाच पुस्तकं आणि त्यात पानिपतावरचं शेजवलकरांचं इतिहासाचं पुस्तक, याला आधी शाबासकी. आता कान पकडतो. तू लिहिलंयस, "पानिपत – जबरदस्त, रडले. शेजवलकर – माहितीपूर्ण पण जड. श्रीमान योगी – अंगावर काटा. कोसला – बोअर, अर्ध्यात सोडलं. माझा प्रवास – ठीक, भाषा जुनी." आणि वर विचारतेस की रविवारी वाचनकट्ट्यावर एवढ्यावर पंधरा मिनिटं कशी काढू. नाहीच काढता येणार गं. हे शेरे आपसात बदलून बघ, श्रीमान योगीसमोर जबरदस्त लिही आणि पानिपतसमोर अंगावर काटा, काही बिघडतं का? मग ते त्या पुस्तकाबद्दल नाहीतच, कुठल्याही जाडजूड पुस्तकाला चिकटवायची लेबलं आहेत ती.

मला एवढंच सांग, रडलीस ती कुठे? कुठल्या पानावर, कोणाचं काय झालं तेव्हा, आणि त्यानंतर पुस्तक मिटून ठेवलंस की तसंच पुढे वाचलंस? विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ ला आली, मी एक-दोन वर्षांनी वाचली, आणि मला वाटलं होतं की विश्वासराव पडतात तिथे आपण गळणार, कारण ते लहानपणापासून ऐकलेलं. पण मी अडकलो त्याच्या कितीतरी आधी, छावणीतल्या उपासमारीत. लढाई एका दिवसाची, १४ जानेवारी १७६१, पण त्याआधीचे अडीच महिने तो सगळा लवाजमा तिथे कोंडलेला, रसद तुटलेली, आणि नुसते लढणारे नाहीत तर यात्रेकरू, बायका, पोरं, नोकरचाकर, सगळे बुणगे. लढाईच्या आधीच माणसं आतून संपत चाललीत हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं, शाळेत 'संक्रांत कोसळली' एवढ्या दोन शब्दांत ते उरकलेलं. त्या रात्री मी जेवायला बसलो आणि आईने भात वाढला तर नको म्हणालो, आई म्हणाली काय झालं, काय सांगणार? हे असलं काहीतरी सांग तू रविवारी, लोक ऐकतील. "जबरदस्त" ऐकून लोक फक्त मान हलवतात.

आता शेजवलकर. जड आहेत हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण तू ते कादंबरीच्या पाठोपाठ त्याच स्पीडने वाचायला गेलीस ना? तसं नाही जमत. त्र्यं. शं. शेजवलकरांनी ते आधी इंग्रजीत लिहिलं, १९४६ ला, मराठीतलं पुस्तक आलं १९६१ मध्ये म्हणजे लढाईला बरोबर दोनशे वर्षं झाली तेव्हा. हा माणूस आधी कागद, मग जमीन, मग मत अशा क्रमाने जातो, त्यामुळे त्यांच्याबरोबर हळूच चालावं लागतं आणि शेजारी नकाशा लागतो. मी पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढला होता. यमुना एक उभी रेघ, खाली दिल्ली, वर पानिपत, त्याच्याही वर कुंजपुरा. सदाशिवराव भाऊंनी, म्हणजे मराठ्यांच्या सेनापतींनी, १७ ऑक्टोबर १७६० ला कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला तेव्हा अब्दाली नदीच्या पलीकडे, पूर दुथडी, येता येत नाही. मग आठवडाभराने, २५ ऑक्टोबरच्या सुमारास, तो बागपतला उतरला. बागपत कुठे आहे बघ, दिल्ली आणि पानिपतच्या मधे! म्हणजे झालं काय, अब्दाली भाऊ आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला, आणि प्रत्यक्ष लढाईत मराठ्यांचं तोंड दक्षिणेला, आपल्याच देशाकडे, आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अब्दालीचं उत्तरेला. मी इतकी वर्षं डोक्यात उलटं चित्र घेऊन फिरत होतो, की आपण खालून वर चाललोय आणि ते वरून खाली येतायत. पेन्सिलीचा बाण काढताना हात थांबला माझा. कादंबरी दोनदा वाचूनही हे लक्षात आलं नव्हतं, त्यात पाटलांचा दोष नाही, वाचताना मी भाऊंच्या मागे धावत होतो, दिशा बघायला सवड कुठे होती.

तर ही दोन पुस्तकं तू वेगवेगळी सांगूच नकोस. एका लढाईची दोन पुस्तकं मी वाचली, एकाने मला उपाशी ठेवलं आणि दुसऱ्याने नकाशा काढायला लावला, असं सांग. (हे माझं वाक्य आहे हां, तुझं तू शोध.)

एक धोका मात्र आहे आणि त्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. तुझ्याएवढाच असेन, आमचाही असाच एक ग्रुप होता, दर शनिवारी कुणाच्या तरी घरी बसायचो, आणि मी नारायणराव पेशव्यांच्या खुनावर बोललो, ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी, "काका मला वाचवा", आणि अर्थातच आनंदीबाईने ध चा मा केला ते. अगदी रंगवून, हातवारे करून. कोपऱ्यात एक रिटायर्ड मास्तर बसायचे, कधी बोलायचे नाहीत, ते एवढंच म्हणाले की तो कागद कुठे आहे? मी म्हटलं कुठला? ते म्हणाले, ज्याच्यावर ध होता आणि मा झाला तो. बघितलाय कोणी? मी गप्प. सगळे गप्प. मग कुणीतरी पोहे आणले म्हणून सुटलो. तेव्हापासून सवय लागली, बोलताना "असं झालं" म्हणायच्या आधी जिभेवर येतं की हे कोण म्हणतंय? पत्र म्हणतंय, बखर म्हणते, की कादंबरीकार? बखरीवर चिडायचं कारण नाही, बखरीत मजाच मजा असते, पण भाऊसाहेबांच्या बखरीतला संवाद आणि त्याच दिवसात लिहिलेलं एखादं पत्र यांना एका पंगतीत बसवायचं नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले, त्यातला १८९८ चा पहिलाच खंड पानिपतच्या काळातल्या पत्रांचा आहे. लायब्ररीत मिळाला तर सगळा वाचू नकोस, उगाच दमशील, पाच-सहा पत्रं वाच. पैसे पाठवा, रसद पाठवा, अजून का नाही आलं, असल्या कटकटी. लढाई म्हणजे बराचसा हिशोबच असतो हे तिथे कळतं.

'कोसला' बोअर झालं हे बिनधास्त सांग, घाबरू नको, कुणी मारणार नाही. नेमाड्यांना चालेल. फक्त कुठे सोडलंस ते सांग. हॉस्टेल, मेस, ते गॅदरिंग, सगळा तोच तोच निरर्थकपणा चालू असतो तिथे सोडलं असशील तर तो कंटाळा नायकाचा, पांडुरंगचाच आहे, तुझ्यापर्यंत पोचला एवढंच. पण मनीच्या मरणापर्यंत पोचली होतीस का? त्याची धाकटी बहीण, देवीच्या रोगाने जाते ती. नसशील पोचली तर तेवढी पानं वाच आणि मग ठरव. तरीही बोअरच वाटलं तर मी काही म्हणणार नाही.

श्रीमान योगीला मी एका वाक्यात सोडतो कारण त्यावर सगळेच बोलतात. कादंबरीच्या आधीची नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना वाचलीस का? नसणार, प्रस्तावना तुम्ही पोरं उडी मारून जाता. ती पत्रच आहे, कादंबरीकार रणजित देसाईंना लिहिलेलं. एक अभ्यासक एका कादंबरीकाराला शिवाजी महाराजांबद्दल आपल्याला काय दिसतं आणि काय अवघड आहे ते समोर बसून सांगावं तसं सांगतो, भाबडेपणा नाही आणि तुच्छताही नाही. पुस्तकावर कसं बोलावं हे शिकायचं असेल तर माझ्या या पत्रापेक्षा ते पत्र शंभरपट बरं.

आता खरा राग कशाचा आला ते सांगतो. 'माझा प्रवास' आणि "ठीक"? अगं, वरसईचा एक गरीब भिक्षुक, विष्णुभट गोडसे, घरावर कर्ज झालं म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघतो आणि १८५७ च्या मधोमध जाऊन पडतो. गेला होता यज्ञाच्या दक्षिणेसाठी, सापडला झाशीच्या वेढ्यात. पुस्तक छापून आलं थेट १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी बरीच काटछाट करून, आणि मूळ जसंच्या तसं वाचायला मिळालं त्यानंतर कितीतरी वर्षांनी, पोतदारांच्या आवृत्तीत. त्यामुळे तुझ्या हातात कुठलं आहे ते आधी बघ आणि सांगताना तेही सांग.

त्यातला विहिरीचा प्रसंग आठवतो का? झाशी पडलेली, हा काल्पीकडच्या वाटेवर, आणि विहिरीपाशी घोड्यावरून आलेली राणी भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली. हा पाणी काढून द्यायला पुढे होतो तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, मी काढते. आणि मातीच्या भांड्यातून ओंजळीने पाणी पिते. मग स्वतःबद्दल बोलते, की मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला विधवेला हा उद्योग करायची गरज नव्हती. अर्धा शेर तांदूळ! म्हणजे माझ्या एकटीच्या पोटाला लागतं किती. पुतळ्यातली राणी कायम घोड्यावर आणि तलवार वर, आणि इथे ती ओंजळ धरून उभी आहे आणि तांदळाच्या मापात बोलतेय. हे गोडसे भटजींनी बऱ्याच वर्षांनी आठवणीतून लिहिलंय, त्यामुळे शब्दन्‌शब्द तिचाच असं मी म्हणणार नाही, पण तांदळाचं माप त्याने घरी बसून बनवलं असेल असं मला वाटत नाही. हे माझं मत, तुझं वेगळं असू दे, भांडू आपण.

भाषा जुनी आहे म्हणतेस, तर मोठ्याने वाच. खरंच. दोन पानं किचनमध्ये आईला वाचून दाखव, कोकणातला म्हातारा माणूस ओसरीवर बसून सांगतोय असं ऐकू यायला लागेल, मग "ठीक" म्हणून दाखव मला.

मला विचारशील तर रविवारी पाचही पुस्तकं नेऊच नकोस. ही विहीर ने, नाहीतर तो नकाशा ने, आणि एकच प्रसंग वाचून दाखव आणि तिथे तुला काय झालं ते बोल. गोष्ट सगळी सांगत बसू नको, कुणीतरी वाचणार असतं. आणि शेवटी "प्रत्येकाने वाचलंच पाहिजे" म्हणालीस तर मी उठून जाईन. हो, मी येणार आहे, आईला सांगितलंय तुझ्या, मागच्या खुर्चीत बसेन.

तुझाच,
काका

ता. क. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ (आजचं विदिशा) एका सावकारी पत्रातून कळली ते वाचलं असशीलच, दोन मोती गळाले, इतक्या मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. तुझ्याकडच्या पुस्तकांत मोहरा किती दिल्यात ते बघून कळव. माझ्या जुन्या वहीत २७ लिहिलंय आणि पुढे माझ्याच अक्षरात पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे.