डोंगर चढून जावं की वळसा घालावा?

प्रश्न : नकाशा-होकायंत्राच्या डोंगरी शर्यतीत गाठायच्या दोन चौक्यांमध्ये डोंगराची धार आडवी आली. सरळ गेल्यास 2 किलोमीटर आणि 200 मीटर चढ. पायवाटेने वळसा 3.2 किलोमीटर, चढ जेमतेम 30 मीटर. मी धार चढलो, जोडीदार वळशाने आधी पोचला. असं कसं?

उत्तर : जोडीदाराचं अभिनंदन करा! स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी डोंगरातल्या चालीसाठी 1892 मध्ये दिलेला ठोकताळा आजही कामी येतो. त्यावरून, 1 मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे साधारण 8 मीटर. तुमचे 200 मीटर झाले 1600. म्हणजे सरळ वाट 3.6 किलोमीटरची पडली. वळसा साडेतीनच्या आतच. फरक किरकोळ, पण या हिशेबात उतार धरलेलाच नाही. घसाऱ्यावरून, कमरेएवढ्या गवतातून उतरताना वेग कुठला मिळायला? पायवाटेवर मात्र पळता येतं, आणि पळता पळता पुढचा टप्पा नकाशावर वाचून होतो. हा फायदा कुणी मोजत नाही.

मी स्वतः वाट चौकीकडून उलटी ठरवते. चौकीजवळ ओढ्यांचा संगम, भिंतीचा कोपरा अशी न चुकणारी खूण आधी शोधायची, मग तिथवर कसं पोचायचं ते बघायचं. धारेवरून उतरताना चौकी डावीकडे राहिली की उजवीकडे, हेच कळत नाही. तिथेच वेळ जातो. धुकं असेल तर विचारूच नका, वळसाच घ्या. पाय ताजे, हवा स्वच्छ आणि धारेपलीकडे मोकळं कुरण असेल, तर मात्र खुशाल चढा.