दार उघडलं की लगेच लावू नका

प्रश्न: आमच्या गाडीचं मागचं डावं दार आठवडाभरापासून आतूनही उघडत नाही आणि बाहेरूनही. रिमोट दाबला की बाकीची दारं उघडतात. या दाराची काचेजवळची खुंटी मात्र अर्धवटच वर येते. दोन्ही हँडल ओढली जातात, पण काही होत नाही. आईला उजवीकडून चढून सीटवरून सरकत जावं लागतं, तिचे गुडघे दुखतात. दार कापावं लागेल का?
– एक वाचक

उत्तर: कापायचा विचार मनातून काढून टाका. गॅरेजमध्ये तीस वर्षं काढली, अडकलेली दारं पुष्कळ पाहिली. कापावं लागलेलं एकही आठवत नाही.

तुमच्या पत्रातला ‘अर्धवट’ हा शब्द सगळ्यांत कामाचा. दाराच्या कडेला लॉकमध्ये एक छोटा जबडा असतो. दार लावलं की तो चौकटीवरची लोखंडी कडी पकडतो आणि एक खटका त्याला अडवून धरतो. हँडल ओढलं की रॉड किंवा केबल तो खटका सोडवते. लॉक लागलेलं असेल तर हँडलचा आणि खटक्याचा संबंधच राहत नाही, हँडल नुसतं हलतं. तुमची खुंटी पूर्ण वर येत नाही, म्हणजे तो संबंध पुन्हा जुळत नाही. सेंट्रल लॉकची मोटर थकली असेल, नाहीतर जुनं ग्रीस धुळीत मळून घट्ट झालं असेल. चाइल्ड लॉकचा संशय नको. ते फक्त आतलं हँडल अडवतं. आणि हँडल हाताला अगदी लुळं लागलं असतं, तर रॉडची क्लिप तुटली असं मी म्हटलं असतं.

आधी काही न खोलता बघा. दोघं हवेत. एकाने आत बसून खुंटी चिमटीत धरून वर ओढायची. बाहेरच्याने त्याच वेळी रिमोट दाबत, कमरेने दार आत रेटत हँडल ओढायचं. दार आत रेटलं की रबराचा ताण खटक्यावरून उतरतो. दहा-पंधरा वेळा करा. मधूनच आतल्या बाजूने लॉकच्या उंचीवर मुठीने ठोका द्या. हातोडी नको, आणि फटीत पहार तर मुळीच नको. पत्रा वाकला की लॉकपेक्षा मोठं काम अंगावर येतं.

नाहीच उघडलं, तर दाराचं आतलं पॅड काढावं लागेल. काच पूर्ण वर घ्या, इग्निशन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि काही मिनिटं थांबा, कारण काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. मागची बैठक काढता आली तर हात घालायला जागा होते. स्क्रू बहुधा आतल्या हँडलमागे आणि हात टेकायच्या खोबणीत लपलेले असतात, बाकी पॅड क्लिपांवर बसलेलं असतं. त्यामागचा प्लास्टिकचा पडदा फाडू नका, एका कोपऱ्यातून हळू सोलवा. दारात उतरलेलं पावसाचं पाणी तोच गाडीत येऊ देत नाही. हातमोजे घाला, आतल्या पत्र्याच्या कडा बोट कापतात. टॉर्च धरून रॉडच्या मागोमाग लॉकपर्यंत जा, गंज सोडवणारा स्प्रे नळीने आत मारा आणि पाव तास थांबा. मग लॉकची दांडी बोटाने उघड्या बाजूला पूर्ण ढकला आणि हँडल ओढा.

आता खरी काळजी पुढे आहे. एका गिऱ्हाईकाचं असंच दार मी दोन तास खपून उघडलं. हात पुसायला वळलो, तेवढ्यात कोणीतरी सवयीने ते लोटून दिलं. खट्ट! पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून दार उघडं असतानाच बॅटरी जोडा आणि जबड्यात पेचकस घालून तो मिटवा. दोनदा खट् वाजेल, पहिल्यांदा अर्धा लागतो, दुसऱ्यांदा पूर्ण. मग हँडल ओढा, जबडा झटकन मोकळा झाला पाहिजे. आतून, बाहेरून, रिमोटने लॉक करून आणि सोडून, वीसेक वेळा हेच करा. जबडा मिटलेला असताना दार लावू नका, ते कडीवर आपटेल. वीसात एकदाही अडकलं तर ग्रीस बदलून भागवू नका, लॉकच नवं घाला. दाराच्या कडेचे स्क्रू काढले की ते आतून सुटतं, बहुतेक तिनच असतात. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत मोटर त्यातच असते.

हे होईपर्यंत आईंना पुढे बसवा. त्या बंद दारापाशी कोणालाच बसवू नका. काही झालं तर तिथल्या माणसाला बाहेर पडायला जवळची वाट उरत नाही.