घरबसल्या जग : आधी नकाशा, मग हेडसेट

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की सांगलीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात शनिवारी दुपारी आम्ही व्हीआरचे, म्हणजे आभासी वास्तवाचे, हेडसेट लावून जग पाहतो. डोळ्यांवर यंत्र चढवायचं आणि मान वळवाल तिकडचा देश पाहायचा. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेते. आयुष्य भूगोल शिकवण्यात गेलं, त्यामुळे यंत्रापेक्षा जागांबद्दल जास्त बोलेन.

वडील ७६ वर्षांचे. एसटीत चालक होते, सगळी नोकरी घाटांत झाली. गुडघे गेल्यापासून घरातच असतात. माचू पिच्चू पाहायचं त्यांच्या मनात फार आहे. हेडसेट घ्यावा का? त्यांना गरगरेल का?
– एक लेक, सातारा

घ्या. मात्र पहिल्याच दिवशी त्यांना पेरूला, म्हणजे माचू पिच्चू हे इंकांचं जुनं डोंगरी शहर आहे त्या देशात, नेऊ नका. आधी आंबेनळी घाट दाखवा.

'गुगल अर्थ व्हीआर' २०१६ साली आलं. ते फुकट आहे, पण हेडसेटला चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक जोडावा लागतो. घरात कुणा नातवाचा गेमिंगचा संगणक असेल तर काम झालं. त्यात आपल्याकडच्या शहरांतल्या इमारती बहुतेक जमिनीला चिकटलेल्या दिसतात, डोंगर मात्र उभे राहतात. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा रस्ता, प्रतापगडाचा फाटा, खाली सावित्रीचं खोरं. ज्या माणसाने ती वळणं वर्षानुवर्षं स्टिअरिंगवर घेतली, तो ती वरूनही ओळखतो. स्वतःची जागा एकदा ओळखू आली की यंत्रावर विश्वास बसतो. संघात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी त्याच्याच तालुक्यात नेते, परदेश नंतर.

आता गरगरण्याचं. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय. कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीतच आहोत. दोघांचं जुळेना की मळमळायला लागतं. घाटात प्रवाशांना उलट्या होतात आणि ड्रायव्हरला सहसा काही होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी कळतं आणि गाडी त्याच्या हातात असते. तुमच्या वडिलांना हे मी सांगायला नको. म्हणून कंट्रोलर त्यांच्याच हातात द्या, तुम्ही मागून बटणं दाबू नका. बहुतेक ॲपांत सरकत चालण्याऐवजी एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी जाण्याची सोय असते, ती सेटिंगमध्ये निवडा. वळणंही टप्प्याटप्प्याने होईल असं करा.

खुर्ची जड, हाताची आणि बिनचाकांची हवी. समोरून पंखा सोडा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. जांभया, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम, यांतलं काहीही दिसलं की हेडसेट काढा. "जरा सहन करा, सवय होईल" असं म्हणू नका, नाहीतर दुसऱ्यांदा ते यंत्राला हात लावणार नाहीत. काढल्यावर लगेच उठून जिना उतरू देऊ नका. पेसमेकर असेल, फिट येत असतील किंवा चक्कर येण्याचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका.

हे सगळं जमलं की माचू पिच्चू. 'नॅशनल जिओग्राफिक एक्सप्लोर व्हीआर' या ॲपमध्ये हायरम बिंगहॅमने काढलेली जुनी छायाचित्रं घेऊन गडावरच्या त्याच जागा शोधायच्या असतात. बिंगहॅम हा अमेरिकी अभ्यासक १९११ साली तिथे पोचला होता. त्याच ॲपमध्ये अंटार्क्टिकाही आहे, हिमनगांमधून कयाक वल्हवत जायचं आणि पुढे हिमवादळ. फार देखणं आहे, पण नवख्या माणसाला नको.

आणि जाण्याआधी दोन दिवस भिंतीवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा लावा, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती. अँडीज कुठे, उरुबांबा नदी कड्याला वळसा कशी घालते, हे बोटाने दाखवा. माचू पिच्चू समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटरवर आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. म्हणजे महाबळेश्वरच्या माथ्यावर आणखी हजार मीटर चढायचे. हे डोक्यात असेल तर वडील खाली वाकून पाहतील तेव्हा ती दरी त्यांना पोटात जाणवेल. हेडसेट जागेची खोली दाखवतो, भव्यता दाखवतो. ती वस्ती तिथेच का वसली, पाणी कुठून येत होतं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं कशासाठी होती, यातलं बरंचसं न कळताच माणूस पुढच्या दृश्याकडे वळतो. ते सांगणारं कुणीतरी शेजारी बसलेलं हवं. तुम्ही बसा.

आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आहे. फोन घालून पाहायचे पुठ्ठ्याचे व्हीआर चष्मे स्वस्तात मिळतात. पोरांसाठी तीस घ्यावेत असं वाटतं.
– एक शिक्षक, जव्हार तालुका

गुरुजी, घेऊ नका. पुठ्ठ्याचा चष्मा गुगलने २०१४ साली आणला आणि २०२१ साली त्याची विक्री थांबवली. शाळांसाठीचं त्यांचं सहलींचं ॲपही त्याच वर्षी बंद झालं. तीस चष्म्यांना तीस फोन लागतील, आणि त्यांतल्या ज्या फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन कुठे वळला ते ओळखणारा भाग, नाही त्यांवर मान फिरवली तरी चित्र हलणार नाही. मोठे हेडसेट बनवणाऱ्या मेटा कंपनीनेही वयाची अट किमान दहा वर्षांची ठेवली आहे. तुमची बहुतेक मुलं त्याहून लहान आहेत.

यूट्यूबवर ३६० अंशांचे व्हिडिओ असतात. ते फोनवर लावून फोन हातात धरून गोल फिरलं की दृश्यही फिरतं. पाच-पाच मुलांचा गट करा, एकाने फोन फिरवायचा आणि बाकीच्यांनी "आता उत्तरेला, आता वर" अशी आज्ञा द्यायची. दिशा पक्क्या होतात.

पण मला तुमच्याकडून याहून चांगलं काहीतरी करून घ्यायचं आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली मांडलं. आजचा महागातला महाग हेडसेटही याच तत्त्वावर चालतो. शाळेपुढच्या झाडाचा एक फोटो काढा. फोन सहा-साडेसहा सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरा काढा, कारण माणसाच्या दोन बुबुळांत साधारण तेवढंच अंतर असतं. दोन्ही फोटो सहा सेंटिमीटर रुंदीचे छापून शेजारी शेजारी चिकटवा, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. मध्ये एक पोस्टकार्ड उभं धरून नाक त्याला टेकवा, म्हणजे प्रत्येक डोळ्याला आपापलाच फोटो दिसेल. नजर सैल सोडून लांब पाहिल्यासारखं पाहायचं. काही वेळाने दोन्ही चित्रं एकमेकांवर येतात आणि झाड कागदातून पुढे येतं. सगळ्या मुलांना एकदम जमत नाही, घाई करू नका. जमलं की त्यांना समोरच्या डोंगराचे तसे दोन फोटो काढायला सांगा. सहा सेंटिमीटरने डोंगर सपाटच राहील. मग दोन-चार पावलं सरकून काढू द्या. असं का होतं, हा पुढच्या तासाचा प्रश्न.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंडरवूड अँड अंडरवूड ही अमेरिकी कंपनी देशोदेशीच्या अशा जोडचित्रांच्या पेट्या विकायची. सोबत पुस्तक असे आणि नकाशे असत. चित्र पाहणारा नकाशावर नेमका कुठे उभा आहे आणि त्याला किती पल्ला दिसतो आहे, हे रेघांनी दाखवलेलं असे. आजच्या ॲपांमध्ये मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, की माणूस कुठे उतरलाय ते नकाशावर क्वचितच दाखवतात.

आई आता इथे आमच्याजवळ असते. प्रवास झेपत नाही. तिचं माहेर नाशिकला, रविवार कारंजाजवळ. तो भाग तिला दाखवता येईल का?
– एक वाचक, टोरांटो

येईल. गुगलने २०२२ च्या जुलैमध्ये भारतातल्या दहा शहरांत स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यांची चौफेर छायाचित्रं दाखवण्याची सोय, सुरू केलं, त्यांत मुंबई, पुणे, अहमदनगर यांच्याबरोबर नाशिकही होतं. 'वाँडर' नावाचं विकतचं ॲप तीच चित्रं हेडसेटमध्ये दाखवतं. त्यात दोन हेडसेटवाले एकत्रही फिरू शकतात, म्हणजे भारतातली मावशी किंवा मामेबहीण सोबत येऊ शकते.

काही गोष्टी मात्र आधी समजून घ्या. कॅमेऱ्याची गाडी जिथे गेली तेवढंच दिसतं. जुन्या नाशकातल्या बोळांत ती सगळीकडे शिरलेली नाही. कॅमेरा गाडीच्या टपावर असतो, त्यामुळे आईला रस्ता स्वतःच्या उंचीपेक्षा वरून दिसेल. माणसांचे चेहरे पुसट केलेले असतात. आणि हे सपाट चित्र गोलाच्या आतून लावलेलं असतं. वाकलं, सरकलं तरी वस्तू जवळ येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आईला बसवण्याआधी तुम्ही एकटे जाऊन पाहून या. वाडा पाडून तिथे इमारत उभी असेल तर ते आईला आधी सांगा. हेडसेटच्या आत एकटीला ते अचानक कळू देऊ नका. डोळे झाकलेले असतात, शेजारी कोण आहे ते दिसत नसतं, आणि अशा वेळी हात धरणारं कुणी हवं असतं. सुरुवात घरापासून करू नका. गोदाघाटाच्या बाजूने, बाजारातून या, आणि वाट तिला सांगू द्या. "इथून डावीकडे" असं आईने म्हटलं की तुम्ही फक्त वळायचं. ती काय बोलते ते फोनवर ध्वनिमुद्रित करा. कोणत्या दुकानाशेजारी कुणाचं घर होतं हे तिच्याइतकं कुणाला सांगता येणार?

बोळ दिसलाच नाही तर नाशिकमधल्या कुणा भाच्याला ३६० अंशांचा कॅमेरा घेऊन पाठवा, आता असे छोटे कॅमेरे मिळतात. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायला सांगा. म्हणजे आई खुर्चीत बसून पाहील तेव्हा तिला आपण ओसरीवरच बसलोय असं वाटेल.

पाय धड असताना लोकांनी घरात बसून डोळ्यांवर पेटी लावायची, हे मला पटत नाही. फिरणं म्हणजे घाम, ऊन, अनोळखी माणसं. तुमच्यासारख्या भूगोलाच्या बाई हे शिकवतात याचं वाईट वाटलं.
– एक गिर्यारोहक, रत्नागिरी

तुमचं पत्र मला आवडलं. घाम, ऊन आणि अनोळखी माणसं यांतलं काहीही हेडसेट देत नाही, हे पूर्ण मान्य. पाय धड असतील तर जा, आज जा.

पण काही जागा अशा आहेत की तिथे आपण न गेलेलंच बरं. इजिप्तमध्ये लक्झरजवळ राण्यांच्या खोऱ्यात नेफर्तारीचं थडगं आहे, दुसऱ्या रामसेसची ही राणी. इटालियन पुरातत्त्वज्ञ एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना ते १९०४ साली सापडलं. तिथल्या भिंतींवरचे रंग आजही ताजे वाटतात, पण आतल्या गिलाव्यात मिठाचे स्फटिक वाढून तो सुटत होता, आणि माणसांच्या श्वासातला ओलावा असल्या भिंतींना घातक. १९८६ ते १९९२ या काळात गेटी संस्थेने आणि इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने मिळून ती चित्रं वाचवली. २०१८ साली त्या थडग्याची हुबेहूब व्हीआर प्रत निघाली, संगणकाला जोडलेल्या हेडसेटवर ती फुकट पाहता येते. भिंतीजवळ नाक नेऊन ब्रशचा फटकारा पाहावा इतकी ती स्पष्ट आहे. कितीही वेळ थांबा, भिंतीला काही होत नाही. आपल्या अजिंठ्यातही चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात, फ्लॅश चालत नाही, अंधारात मान वर करून जेवढं दिसेल तेवढं पाहायचं. अजिंठ्याच्या प्रत्येक चित्रित लेण्याची अशी प्रत मराठी निवेदनासह व्हावी आणि ती गावोगावच्या वाचनालयांत पोचावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी जागा अ‍ॅमस्टरडॅमची. प्रिन्सेनग्राख्त २६३. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीसह आठ जण तिथे मागच्या बाजूच्या खोल्यांत नाझींपासून लपून राहिले. आज तिथे गेलात तर खोल्या रिकाम्या दिसतात. सामान नाझींनी नेलं होतं, आणि खोल्या तशाच रिकाम्या ठेवाव्यात ही अ‍ॅनच्या वडिलांची, ओटो फ्रँक यांची इच्छा होती. शिवाय पुस्तकांच्या कपाटामागचे जिने इतके उभे आहेत की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला वर जाताच येत नाही. संग्रहालयाने २०१८ साली जी व्हीआर प्रत काढली तिच्यात त्या खोल्या तेव्हा होत्या तशा मांडून दाखवल्या आहेत. आमच्या संघातल्या एका निवृत्त परिचारिका त्यात फिरून आल्या. दिवसा खाली गोदामात माणसं कामाला असत, म्हणून वर संडासात पाणी सोडायचीही चोरी होती, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आठ माणसं, आणि त्यांतलं कुणी आजारी पडलं तर?" नंतरचा तासभर आम्ही त्यावरच बोलत होतो. तिथे प्रत्यक्ष जाऊन आलेल्या किती जणांच्या मनात हा प्रश्न येत असेल?

तुम्ही सह्याद्री चढता, तर एक काम कराल का? तुमच्याकडच्या गडांवरच्या टाक्यांचे, तटांचे, दरवाजांचे ३६० अंशांचे फोटो काढून आणाल? आमच्या संघात गड चढू न शकणारे पुष्कळ आहेत.

मला लांबचा आणि जवळचा असा दुहेरी चष्मा आहे. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं. आम्हाला हे चालेल का?
– एक वाचक, लातूर

तुम्हाला चालेल. हेडसेटचा पडदा डोळ्यांपासून चार बोटांवर असला तरी भिंगांमुळे नजर मीटरभराहून लांब लागते, म्हणून वाचायच्या भिंगाचा उपयोग नाही. दुहेरी चष्म्याच्या वरच्या भागातून पाहा. चष्मा घालून हेडसेट चढवताना आधी पुढून लावा आणि मग पट्टा मागे ओढा, म्हणजे काचा एकमेकींना घासणार नाहीत. दोन भिंगांमधलं अंतर बुबुळांप्रमाणे बदलता येतं, ते नीट लावा. निम्म्या लोकांची "धूसर दिसतं" ही तक्रार तिथेच मिटते.

बायकोला डोळ्यांचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबू द्या. चेहऱ्यावर दाब येतो, तो ताज्या ऑपरेशनला नको. तोवर हेडसेटमधलं दृश्य टीव्हीवर पाठवा, त्यांना तुमच्याबरोबर तिथून पाहता येईल. आणि वापर झाला की यंत्र खिडकीत ठेवू नका. भिंगांतून आत गेलेलं ऊन पडद्यावर कायमचे डाग पाडतं.