टेरेस्ड हाउस म्हणजे गच्चीचं घर नव्हे

प्रश्न असा आला आहे : भाची इंग्लंडात लेस्टरला घर बघतेय. जाहिरातीत लिहिलंय, 'सिटी सेंटरजवळ स्पेशियस पीरियड टेरेस्ड हाउस'. याचं मराठी 'प्रशस्त कालखंडीय गच्चीचे घर' होईल का?

मुळीच नाही. टेरेस्ड हाउस म्हणजे सामाईक भिंतींनी एकमेकांना जोडलेल्या घरांच्या रांगेतलं एक घर. 'गच्चीचं घर' हे भाषांतर इतक्यांदा कानावर पडतं की आता चीड येते. लेस्टरच्या त्या जुन्या घरांना गच्ची नसतेच. उतरतं छप्पर, त्यावर पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे, सामाईक भिंतीवर दोन्ही घरांची धुराडी एकत्र आणि पुष्कळदा दार उघडलं की थेट फुटपाथ. वर पापड वाळत घालायला जागाच नाही.

'स्पेशियस' म्हणजे ऐसपैस. 'पीरियड' म्हणजे तिकडच्या दलालांच्या बोलीत जॉर्जियन, व्हिक्टोरियन किंवा एडवर्डियन काळातलं, म्हणजे साधारण अठराव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंतचं. 'जुन्या बांधणीचं' म्हटलं की भागलं.

आता टेरेस. मूळ लॅटिन 'टेरा', जमीन. त्याचा आधीचा अर्थ कोरडी जागा, आणि त्याच कुळातला संस्कृत 'तृष्', ज्यातून आपली तहान आली. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला 'टेरेस' म्हणजे भराव घालून केलेला उंच, सपाट ओटा. मग ओट्याची घरांची रांग कशी झाली? बागेतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या ओट्यांवरून हा शब्द उचलला, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. बागेतल्या ओट्यावर कोण राहतं? सरळ लंडनच्या ॲडेल्फी नावाच्या घरांच्या रांगेकडे बघा. १७६८ साली वास्तुरचनाकार ॲडम बंधूंनी थेम्सकाठचा उतार घेतला, खाली कमानींची तळघरं बांधून जमीन वर आणली आणि त्या ओट्यावर एकसारख्या दर्शनी भागाची घरं सलग उभी केली. नटश्रेष्ठ डेव्हिड गॅरिक तिथेच राहत होता. रांगेतली घरं आधीही होती. इंग्लंडातल्याच बाथ शहरातला क्वीन स्क्वेअर हा चौक १७२९पासूनचा. पण ओटा आणि रांग एकाच ठिकाणी, एकाच नावाखाली लोकांच्या डोळ्यांपुढे आली ती इथे. ती मुख्य रांग १९३६ साली पाडली, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि 'ॲडेल्फी' हे नाव तरी काय! ग्रीक 'ॲडेल्फोस' म्हणजे भाऊ. त्यातला सुरुवातीचा 'ॲ' म्हणजे आपला 'स', अर्थ 'एकाच'. 'डेल्फिस' म्हणजे गर्भ. संस्कृतातला 'सगर्भ्य' हा त्याचा अगदी सख्खा भाऊबंद, आणि 'सहोदर'मागेही हीच कल्पना. चार भावांनी आपल्या नात्याचं नाव एकमेकांना चिकटलेल्या घरांना दिलं. यापेक्षा चपखल नाव मला माहीत नाही.

कोणी म्हणेल, 'ओळघर' करा. नको, तो शब्द कोणाच्या तोंडी नाही. नाशिक-पुण्याकडे अशा घराला सगळे 'रो हाउस' म्हणतात, तेच लिहा. देशीच हवं असेल तर मी 'आळी'ची बाजू घेईन. संस्कृत 'आलि' म्हणजे रांग. कसबा पेठेतली तांबट आळी म्हणताना आपण मुळात रांगच म्हणतो. इंग्रजांचा ओटा रांगेपर्यंत आला, आपली रांग गल्लीपर्यंत गेली. भाचीला मात्र कळवा : 'मध्यवस्तीजवळ जुन्या बांधणीचं ऐसपैस रो हाउस'.