कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठाकडे: अर्जाचे कॅलेंडर आणि व्हिसाचे कॅलेंडर

सप्रेम नमस्कार ताई,

सनीव्हेलहून पाठवलेले तुमचे सविस्तर पत्र मिळाले. तुमची मुलगी गेल्या सप्टेंबरपासून क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, शिकते आहे, ऑक्टोबरात तिला एकोणीस पूर्ण झाली, आणि दोन वर्षांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, एखाद्या कॅम्पसवर जाऊन आंतरराष्ट्रीय अभ्यासात पदवी घ्यायची असे तिने ठरवले आहे. तिच्या वडिलांना हा विषय पटलेला नाही. कॉम्प्युटर सायन्स सोडून हे काय, असे ते विचारतात. तुमचे कुटुंब एच-१बी या नोकरीच्या आणि एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असून ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. या साऱ्यात तुम्ही ओझरते लिहिलेले एक वाक्य मला सगळ्यात बोलके वाटले: मंडळाच्या कार्यक्रमात कुणी मुलीच्या कॉलेजचे नाव विचारले की तुम्ही पानसुपारीच्या तबकाकडे वळता.

तो संकोच आधी दूर करू, कारण त्याला फारसा आधार नाही. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा जो बृहद् आराखडा स्वीकारला, त्यातच ही वाट आखलेली आहे. बारावीनंतर वरच्या एक-अष्टमांश मुलांना यूसीत, वरच्या एक-तृतीयांश मुलांना राज्य विद्यापीठांत म्हणजे सीएसयूत, आणि कम्युनिटी कॉलेजे सर्वांना खुली; मात्र तिथे दोन वर्षे नीट केलेल्याला पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजेच ट्रान्सफर, अशी ती रचना होती. आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मुले थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जातात, त्याचाच हा थोरला भाऊ समजा. यूसीत ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात, आणि निवडीत त्यांना प्राधान्यही असते. पदवीच्या प्रमाणपत्रावर फक्त विद्यापीठाचे नाव छापले जाते. डी अँझात वर्ष तिमाही सत्रांत म्हणजे क्वार्टरांत विभागलेले असते; राज्यातल्या रहिवाशाला तिथे एका क्वार्टर युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ३१ डॉलर पडतात, म्हणजे ट्रान्सफरसाठी लागणाऱ्या ९० युनिटांची मूळ फी २,७९० डॉलर होते. हा आकडा मंडळात सांगितलात तर विषय बदलण्याची पाळी समोरच्यावर येईल.

आता खऱ्या कामाकडे वळते. ट्रान्सफरचा निकाल अर्जाच्या निबंधावर लागतो अशी समजूत आहे, पण मी जे अर्ज अडलेले पाहिले त्यांतले बरेचसे पहिल्या वर्षी घेतलेल्या चुकीच्या कोर्समुळे अडले होते. डिप्लोमा आणि ट्रान्सफर यांत हाच मोठा फरक आहे: इथे एक सीईटी आणि एक मेरिट लिस्ट नसते, प्रत्येक कॅम्पसच्या प्रत्येक विभागाची पूर्वतयारीची यादी निराळी असते. या याद्या असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर आहेत. तिथे शैक्षणिक वर्ष, तुमचे कॉलेज, पुढचे विद्यापीठ आणि विषय निवडला की एक तक्ता उघडतो. डाव्या बाजूला विद्यापीठाचा कोर्स, उजव्या बाजूला त्याच्या बदल्यात चालणारा तुमच्या कॉलेजचा कोर्स. काही ओळींत उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असे लिहिलेले असते, म्हणजे त्या कोर्सला तुमच्या कॉलेजात जोड नाही आणि तो पुढे गेल्यावरच करायचा. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने नाव जुळते म्हणून 'जागतिक राजकारणा'चा एक कोर्स घेतला, त्यात ए मिळवला, आणि तक्त्यात त्याच्या शेजारचाच क्रमांक मान्य असल्याचे त्याला अर्जाच्या महिन्यात कळले. त्याचे युनिट मोजले गेले, पण विभागाची अट तशीच राहिली. म्हणून तिला सांगा की कोर्सचे नाव बाजूला ठेवून क्रमांक पाहायचा, आणि प्रत्येक क्वार्टरची नोंदणी होण्यापूर्वी तो तक्ता पुन्हा उघडायचा.

दुसरी गफलत विषयाच्या नावात होते. 'आंतरराष्ट्रीय अभ्यास' ही पाटी सगळीकडे एकच नाही. सॅन डिएगोला 'इंटरनॅशनल स्टडीज' आहे, डेव्हिसला 'इंटरनॅशनल रिलेशन्स' आहे, तर बर्कली, लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा येथे 'ग्लोबल स्टडीज' आहे. सीएसयूत सॅन फ्रान्सिस्को स्टेटला 'इंटरनॅशनल रिलेशन्स'चा स्वतंत्र विभाग आहे. कुठे अर्थशास्त्राचा भार जास्त, कुठे इतिहास-मानववंशशास्त्राचा. या सगळ्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, राज्यशास्त्रातला आंतरराष्ट्रीय संबंधांचा किंवा तुलनात्मक राजकारणाचा प्राथमिक कोर्स, जागतिक इतिहास, संख्याशास्त्र आणि एक परकीय भाषा हे घटक वेगवेगळ्या जुळण्यांनी पुन्हा पुन्हा येतात. तेव्हा आधी हे घ्यावेत, मग एखाद्याच कॅम्पसला लागणारे. शिवाय सर्वसाधारण शिक्षणाचा, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या आवश्यक कोर्सचा, कॅल-जीईटीसी नावाचा नमुना २०२५ च्या शरद सत्रापासून यूसी आणि सीएसयू दोघांसाठी एकच झाला आहे. तुमची मुलगी त्याच सत्रात दाखल झाल्यामुळे आयजीईटीसी या जुन्या नमुन्याचे तक्ते तिने पाहू नयेत, मैत्रिणीने प्रेमाने पाठवले तरीही.

भाषेबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण इथे मुले फार वेळ घालवतात. भाषेचे कोर्स एकामागून एक साखळीने येतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी सुरू केलेली भाषा ट्रान्सफरपर्यंत अर्धीच होते आणि उरलेली साखळी विद्यापीठातल्या दोन वर्षांतून वेळ खाते. तिने या स्प्रिंगलाच भाषेची पहिली पायरी घ्यावी. कोणती भाषा, हे तिला जगाच्या कोणत्या भागावर काम करायचे आहे त्यावरून ठरवू द्या. स्पॅनिश सोपी जाते म्हणून घेणे आणि पुढे आग्नेय आशियावर अभ्यास करणे, असा विसंवाद मी पाहिला आहे.

कॅलेंडर असे आहे. यूसीच्या नऊ पदवी कॅम्पसपैकी सहा, म्हणजे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ, हे टॅग म्हणजे ट्रान्सफर प्रवेशाची हमी देतात. तुम्ही ठरलेले कोर्स ठरलेल्या सरासरीने पुरे केलेत तर जागा नक्की. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या काळात भरायचा, तोही एकाच कॅम्पसला. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत, पण टॅग भरल्याने तिथे अर्ज करण्यावर बंधन येत नाही. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, त्यात साडेतीनशे शब्दांपर्यंतची चार छोटी उत्तरे, आणि जानेवारीअखेरपर्यंत शरद सत्राचे गुण कळवायचे. हे शेवटचे काम मुले विसरतात. म्हणजे येता सप्टेंबर उजाडेपर्यंत टॅगला लागणारी किमान ४५ क्वार्टर युनिटे तिच्या खात्यात असायला हवीत. हमीचा एक कॅम्पस आणि इच्छेचे दोन-तीन, असा अर्ज मी तिच्यासाठी योग्य मानते. वडिलांचा आग्रह फक्त बर्कलीचा असेल तर तो मला मान्य नाही.

इथपर्यंतचे कॉलेजातला काउन्सेलरही सांगेल. दुसरे कॅलेंडर मात्र तिथल्या टेबलावर सहसा निघत नाही, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख एकाच ओळीत आहे. एच-४ हा अवलंबिताचा दर्जा वयाच्या एकविसाव्या वर्षी संपतो. हिशेब केला तर ज्या सप्टेंबरात ती विद्यापीठात पाऊल ठेवेल, त्याच्या पुढच्याच महिन्यात तिला एकवीस पूर्ण होतील. तोपर्यंत तुमचे ग्रीन कार्ड हातात आले नाही, तर तिला बहुधा एफ-१ विद्यार्थी व्हिसावर यावे लागेल. नव्या विद्यापीठाचा आय-२०, म्हणजे एफ-१ साठी लागणारा प्रवेशाचा दाखला, हातात पडतो तो प्रवेश स्वीकारल्यावर, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि दर्जा बदलण्याच्या अर्जाला महिनोन्महिने लागू शकतात. दुसरा मार्ग सुट्टीत भारतात जाऊन वाणिज्य दूतावासातून व्हिसा घेण्याचा. पण कुटुंबाची ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असताना तिथे 'शिकून परत जाणार' हे पटवून देणे सोपे नसते. मुलांचे वय गोठवणारा २००२ चा एक कायदाही आहे, तो तुमच्या तारखांना लागू पडतो का हे इमिग्रेशन वकीलच कागद पाहून सांगेल. वकिलाची ही भेट पुढच्या वर्षावर ढकलू नका.

याचा थेट परिणाम तिच्या शिक्षणावर होतो. पहिला फीचा. एच-४ वर कॅलिफोर्नियाचा रहिवासी दर्जा मिळू शकतो, आणि तिला तो सध्या मिळालेला आहे. एफ-१ वर साधारणपणे मिळत नाही, आणि यूसीत बाहेरच्या विद्यार्थ्याला फीवर वर्षाला तीस हजार डॉलरहून अधिक जादा भरावे लागतात. प्रवेशाच्या दिवशी एच-४ वर रहिवासी ठरलेल्या विद्यार्थिनीचा व्हिसा सत्राच्या मध्यावर बदलला तर तिच्या फीचे काय होईल, हा प्रश्न तिने प्रत्येक कॅम्पसच्या रेसिडेन्सी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ईमेलने विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे. तोंडी उत्तरावर विसंबून प्रवेश स्वीकारू नये.

दुसरा परिणाम परदेशातल्या सत्राचा. या विषयाच्या मुलांसाठी यूसीचा परदेशी शिक्षणाचा कार्यक्रम, जो १९६२ पासून चालू आहे, हे मोठे आकर्षण असते, आणि ट्रान्सफर होऊन आलेल्याला त्यासाठी दोनच वर्षे मिळतात. पण एच-४ वरून एफ-१ चा अर्ज विचाराधीन असताना देशाबाहेर पाऊल टाकले तर तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते. त्यामुळे परदेशी सत्र तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ठेवू नये. चौथ्या वर्षाचे पहिले सत्र अधिक सुरक्षित. वॉशिंग्टनमध्ये राहून इंटर्नशिप करण्याचा यूसीचा कार्यक्रमही आहे, त्याला सीमा ओलांडावी लागत नाही.

तिसरा परिणाम कमाईचा, आणि इथे तिच्या वडिलांच्या काळजीत तथ्य आहे असे मी स्पष्ट म्हणेन, जरी त्यांचा उपाय मला पटला नाही. एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. एफ-१ वर कॅम्पसवर सत्रकाळात आठवड्याला वीस तास आणि नियमांत बसणारी इंटर्नशिप करता येते, पदवीनंतर बारा महिने ओपीटी या परवानगीवर आपल्या विषयातले कामही करता येते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या पदवीला यावर आणखी चोवीस महिने मिळतात, आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास सहसा त्या यादीत नाही. पदवीनंतर एक वर्ष की तीन वर्षे, एवढा हा फरक आहे. त्यासाठी तिने विषय टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. अर्थशास्त्राच्या काही पदव्या, ज्यांत संख्यात्मक पद्धतींवर भर असतो, त्या यादीत बसतात, आणि दुहेरी मेजर म्हणजे दोन मुख्य विषय केल्यास तो लाभ मिळू शकतो; मायनरने म्हणजे दुय्यम विषयाने मिळत नाही. म्हणून तिने डी अँझात असतानाच कॅल्क्युलसची साखळी सुरू करावी. बऱ्याच आंतरराष्ट्रीय अभ्यासांच्या यादीत कॅल्क्युलस नसते, त्यामुळे मुले ते टाळतात, आणि मग तिसऱ्या वर्षी अर्थशास्त्राचे दार उघडायला उशीर झालेला असतो. वडिलांनी कॉम्प्युटर सायन्सचा हट्ट सोडावा आणि मुलीने कॅल्क्युलसचा कंटाळा, अशी तडजोड मी सुचवते.

नोकऱ्यांबद्दल तुम्ही थेट विचारले आहे, तर थेट उत्तर देते. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेला अमेरिकी नागरिकत्व लागते, त्यामुळे तो रस्ता आज तिच्यासाठी बंद आहे आणि त्यावर सगळी मांडणी करू नये. तिच्या हातात भारतीय पासपोर्ट आहे, तेव्हा यूपीएससीतून भारतीय परराष्ट्र सेवेत जाण्यास नागरिकत्वाची आडकाठी नाही. मात्र ती परीक्षा काय चीज आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. मधल्या मोठ्या पट्ट्यात निर्यात-नियमपालन, मालवाहतूक, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था, विकास संस्था आणि संशोधन येते. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या त्या सॅन फ्रान्सिस्कोतच, आणि एशिया फाउंडेशनसारख्या संस्थेचे मुख्यालय आजही तिथे आहे. घरापासून तासाभराच्या अंतरावर तिच्या विषयाची माणसे भेटतात, तेव्हा तिने व्याख्यानांना जायला आजपासूनच सुरुवात करावी.

शेवटी एक अडचण तुमच्याबद्दलची. ट्रान्सफर सेंटरमध्ये तुम्ही दोनदा फोन केलात आणि त्यांनी काहीच सांगितले नाही, अशी तुमची तक्रार आहे. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजात गेलेल्या मुलाची शैक्षणिक माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज सहसा पालकांनाही देत नाही, मग वय काहीही असो. त्यांनी नियम पाळला. भेटीची वेळ तिच्या नावाने घ्यावी लागेल, तक्त्याच्या छापील प्रती घेऊन तिनेच आत जावे, आणि तुम्ही बाहेर गाडीत थांबलात तरी चालेल. मला येणारे पुढचे पत्रही तिने लिहावे. सोबत या क्वार्टरच्या कोर्सचे क्रमांक आणि वकिलाने काढलेल्या तारखा पाठवाव्यात, म्हणजे स्प्रिंगची नोंदणी उघडण्याआधी आपल्याला तिची योजना पक्की करता येईल.